तीन वर्षांत मूल किती वाढतं?

मूल कसं वाढवावं याबद्दल मत नसलेला माणूस महाराष्ट्रात सहसा सापडत नाही. बारशाला आलेल्या मावशी, शेजारच्या काकू, बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या बाई, व्हॉट्सॲपवरचे हितचिंतक, सगळ्यांकडे सल्ला तयार असतो. त्यामुळे एखादी मुलगी ‘मी ह्यूमन डेव्हलपमेंटमध्ये पीएचडी करतेय’ असं सांगते, तेव्हा समोरून दोनपैकी एक प्रश्न हमखास येतो. ‘म्हणजे नक्की काय?’ किंवा ‘त्यात पीएचडी करण्यासारखं काय आहे?’ तिचा विषय गृहविज्ञान शाखेत मोडतो हे कळलं, की तिसरा शेराही मिळतो : ‘अच्छा, होम सायन्स! म्हणजे स्वयंपाकाची पीएचडी.’

विषयाचं पूर्ण नाव मानव विकास आणि कुटुंब अभ्यास. गर्भावस्थेपासून म्हातारपणापर्यंत माणूस कसा घडतो आणि ज्या घरात तो घडतो ते घर कसं चालतं, हा त्याचा गाभा. दीड वर्षाच्या बाळाला किती शब्द समजतात, दिव्यांग भावंड असलेल्या मुलीच्या वाट्याला घरातलं कोणतं काम येतं, निवृत्तीनंतर वडिलांचा शब्द घरात किती चालतो, आई-बाप कामासाठी परगावी गेले की आजीच्या हाताखाली वाढणारं मूल कोणाला बिलगतं, असे प्रश्न इथे प्रबंधाचे विषय होतात. मानसशास्त्र, समाजशास्त्र, बालरोगशास्त्र आणि शिक्षणशास्त्र या चौघांच्या बांधावर हा विषय उभा आहे, आणि बांधावरच्या जमिनीला सातबारा मिळायला उशीर होतो.

पण लोकांच्या शेऱ्यांपेक्षा या पदवीपुढचा पेच मोठा आहे. मूल आपल्या गतीनं वाढतं, कुटुंब बदलायला पिढी लागते आणि पीएचडीला मुदत असते. जे बघायला सर्वांत जास्त वेळ लागतो, ते बघण्यासाठी सर्वांत कमी वेळ ठेवलेला असतो.

मक्याच्या शेतातून आलेला विषय

या विद्येचं कुळ शोधत गेलं तर वाट अमेरिकेतल्या शेतीप्रधान आयोवा राज्यात जाते. तिथल्या कोरा बसी हिलिस या बाईंनी वर्षानुवर्षं एकच मुद्दा लावून धरला होता. मक्याचं बियाणं आणि डुकरांची पैदास सुधारायला सरकार संशोधनावर पैसा खर्च करतं, मग मुलांच्या वाढीवर का नाही? अखेर १९१७ मध्ये आयोवा विद्यापीठात बालकल्याण संशोधन केंद्र उभं राहिलं. त्याआधी १८९९ पासून लेक प्लॅसिडच्या परिषदांमधून एलन स्वॅलो रिचर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘होम इकॉनॉमिक्स’ला अभ्यासविषयाचं रूप दिलं होतं. रिचर्ड्स स्वतः रसायनशास्त्रज्ञ, एमआयटीतून पदवी घेणारी पहिली स्त्री. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत बायकांना जागा मिळत नव्हती, तेव्हा त्यांनी घरालाच विज्ञानाचा विषय केलं.

या इतिहासात अंगावर काटा आणणारं एक पानही आहे. कॉर्नेल विद्यापीठात १९१९ पासून गृहविज्ञानाच्या विद्यार्थिनींना सरावासाठी खरीखुरी बाळं दिली जात. अनाथालयातून आणलेलं तान्हं मूल विद्यार्थिनींच्या निवासात राही आणि मुली पाळीपाळीनं त्याची ‘आई’ होत. अशा पहिल्या बाळाचं नावही अभ्यासक्रमावरून ठेवलं होतं, डिकी डोमेकॉन. ‘डोमेस्टिक इकॉनॉमी’चं ते लघुरूप. ही प्रथा १९६९ पर्यंत चालली. ज्या काळात बालमानसशास्त्रज्ञ मुलाला स्थिर, ओळखीचा माणूस हवा असं सांगू लागले होते, त्याच काळात विद्यापीठ मुलाला पाळीनुसार आया पुरवत होतं. आज या विषयातल्या प्रत्येक प्रस्तावाला नीतिसमितीची मान्यता लागते. तिचा कंटाळा करणाऱ्यांनी हे पान एकदा वाचावं.

भारतात हा विषय दोन दारांनी आला. एक दार स्त्रीशिक्षणाचं. दिल्लीचं लेडी आयर्विन कॉलेज १९३२ चं. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये स्थापलेल्या महिला विद्यापीठात, म्हणजे आजच्या एसएनडीटीत, मानव विकासाचा विभाग आहे. मुंबईच्या निर्मला निकेतननंही हा विषय जोपासला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० मध्ये गृहविज्ञान विद्याशाखा सुरू झाली, तेव्हा कुलगुरू होत्या हंसाबेन मेहता. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातला ‘सर्व पुरुष’ हा शब्दप्रयोग बदलून ‘सर्व मानव’ करायला लावणाऱ्या त्या याच. दुसरं दार शेतीचं. अमेरिकेतल्या कृषी विद्यापीठांच्या धर्तीवर आपली कृषी विद्यापीठं उभी राहिली आणि शेतकऱ्याच्या शेताबरोबर त्याचं घरही अभ्यासात आलं. म्हणून परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात, कापूस आणि सोयाबीनच्या शास्त्रज्ञांच्या शेजारी, मानव विकास आणि कुटुंब अभ्यासाचा विभाग आहे.

दरम्यान पाट्या बदलल्या. बडोद्याची विद्याशाखा आता ‘कुटुंब आणि समुदाय विज्ञान’ म्हणवते, कृषी विद्यापीठांत गृहविज्ञानाचं ‘सामुदायिक विज्ञान’ झालं. नेटच्या परीक्षेत मात्र विषयाचं नाव अजून होम सायन्सच आहे.

बडोद्याची मोजपट्टी

या विषयात मराठी माणसांनी काय केलं, याचं एक ठसठशीत उत्तर आहे : प्रमिला फाटक.

बाळाची वाढ वयानुसार आहे की नाही, हे ठरवायला जगभर नॅन्सी बेली यांच्या चाचण्यांचा आधार घेतला जाई. बेलींनी १९२८ पासून बर्कलेत बाळांचा दीर्घकाळ मागोवा घेतला होता. पण कॅलिफोर्नियातल्या बाळानं अमुक महिन्यात अमुक केलं, म्हणून बडोद्याच्या बाळानंही तेव्हाच करावं असं थोडंच आहे? झोपवण्याची पद्धत वेगळी, कडेवर घेण्याची वेगळी, खेळणी वेगळी. फाटकांनी बडोद्यातल्या बाळांना महिन्यामहिन्याला तपासून इथले निकष तयार केले. त्यातून भारतीय बाळांसाठीची ‘डासी’ ही मापनश्रेणी घडली आणि १९९७ मध्ये पुण्यात तिची सुधारित आवृत्ती निघाली. जन्मापासून ३० महिन्यांपर्यंतच्या वाढीसाठी तिच्यात ६७ शारीरिक हालचालींचे आणि १६३ मानसिक विकासाचे टप्पे आहेत. मुदतीआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाला फॉलो-अपसाठी मोठ्या रुग्णालयात बोलावतात, तेव्हा आजही अनेक ठिकाणी हीच श्रेणी वापरली जाते. फाटकांच्याच प्रयत्नांतून बडोदा विकास चाचणीही निघाली. अंगणवाडीसारख्या ठिकाणीही वापरता येईल इतकी ती सुटसुटीत आहे.

त्याआधी, १९३० च्या दशकात, धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी बिनेची बुद्धिमापन चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी अशीच नव्यानं बसवली होती. म्हणजे परक्या मोजपट्टीवर विसंबू नये, हे आपल्याकडे बरंच आधी कळलं होतं.

तरीही आजच्या प्रबंधांत तीच अडचण नव्यानं उभी राहते. कोर्सवर्कमध्ये शिकवले जाणारे सिद्धांत बहुतेक बाहेरचे. डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकत्वाच्या तीन शैली सांगितल्या, त्या बर्कलेतल्या बालवाडीच्या मुलांच्या घरांवरून. मेरी एन्सवर्थ यांची ‘अनोळखी परिस्थिती’ ही प्रसिद्ध चाचणी बाल्टिमोरची. आई खोलीतून थोडा वेळ बाहेर जाते, परकी बाई आत असते, मूल काय करतं ते पडद्याआडून बघायचं. जपानमध्ये साप्पोरोला ही चाचणी घेतली, तेव्हा बरीच बाळं इतकी कासावीस झाली की त्यांचं आईशी असलेलं नातंच ‘असुरक्षित’ ठरायची वेळ आली. केइको ताकाहाशी यांनी दाखवून दिलं, की ही बाळं आईपासून कधी दूरच राहिलेली नव्हती, त्यामुळे चाचणीच त्यांच्यासाठी फार कडक होती. आता चाळीतल्या, दिवसभर चार घरांत फिरणाऱ्या मुलाचं काय होईल? त्याला परकी बाई परकी वाटेल का, इथूनच सुरुवात. याच बाबतीत बडोद्याच्या टी. एस. सरस्वती आणि दिल्लीच्या नंदिता चौधरी यांनी भारतीय संस्कृतीतलं मूल समजून घ्यायची वाट रुंद केली. इरावती कर्व्यांचा भारतातल्या नातेसंबंधांवरचा १९५३ चा ग्रंथही या विषयाच्या विद्यार्थिनीनं वाचायला हवा, मग तो अभ्यासक्रमात असो वा नसो.

टॉपिक, गाईड आणि आरआरसी

पदवीची यंत्रणा कशी चालते? यूजीसीचे सध्याचे नियम नोव्हेंबर २०२२ चे. पीएचडीला किमान तीन वर्षं, कमाल सहा. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षांची सवलत. प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. कोर्सवर्क १२ ते १६ क्रेडिटचं. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी. एम.फिल. बंद झालं, नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी करता येते.

कागदावर हे सरळ दिसतं. प्रत्यक्षात नेट किंवा विद्यापीठाची ‘पेट’ ही प्रवेश परीक्षा, मग मुलाखत, मग गाईड मिळणं, आणि इथे पहिली गाठ बसते. विषय लहान, विभाग मोजके, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या. एक मॅडम निवृत्त झाल्या की त्या जिल्ह्यात या विषयाचा गाईडच उरत नाही. गाईड मिळाले तर सिनॉप्सिस लिहायचा, आरआरसीपुढे, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीपुढे, मांडायचा, दुरुस्त्या करायच्या, नीतिसमितीकडे जायचं, दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे प्रगती सांगायची. तीन वर्षांत संपवायचं म्हटलं, तर पहिलं वर्ष सहज यात जातं. शेवटी प्रबंध लिहायचा, मजकुराचं साधर्म्य १० टक्क्यांच्या आत असल्याचा अहवाल जोडायचा, बाहेरच्या परीक्षकांची वाट बघायची, मग व्हायवा. मधे उरतात फार तर दीड वर्षं. मुलाकडे बघण्यासाठीचा वेळ म्हणजे तेवढाच.

पैशाचाही प्रश्न आहे. जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये, पुढे एसआरएफचे ४२,०००. ती न मिळालेल्यांची भिस्त बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या संस्थांवर. डिसेंबर २०२३ मध्ये सारथीच्या फेलोशिपच्या जागांचा प्रश्न विधान परिषदेत निघाला, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएचडी करून मुलं काय दिवे लावणार, असा सवाल केला आणि राज्यभर टीका झाली. सवाल उद्धट असला तरी त्याला उत्तर द्यावंच लागतं, आणि ते फील्डवर मिळतं.

लेकरू मागे राहतं तेव्हा

एक उदाहरण घेऊ. समजा, बीड जिल्ह्यातल्या एका मुलीनं विषय घेतला : ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांच्या मागे राहिलेल्या मुलांचा विकास.

विषय चांगला, पण विद्यापीठाचं वेळापत्रक आणि उसाचा हंगाम जुळत नाहीत. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या हलतात. मुकादमाची उचल घेतलेलं जोडपं, म्हणजे एक कोयता, ट्रकवर चढतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडाशेजारच्या कोपीत राहतं. तान्हं मूल बरोबर जातं, शाळेतलं बहुधा आजीजवळ राहतं. आरआरसीची मान्यता डिसेंबरात आली तर त्या वर्षीचं ‘आधी’ निसटलेलं असतं. आई-बाप जाण्यापूर्वी मूल कसं होतं हे माहीत नसेल, तर गेल्यावर ते बदललं असं कशाच्या आधारावर म्हणायचं? पुढच्या हंगामाची वाट बघावी तर सहामाही अहवालात ‘प्रगती नाही’ असं दिसतं. मग बहुतेकींना गाईड सुचवतात तोच उपाय उरतो : एकदाच जा, दोनशे प्रश्नावल्या भरून आण, ऊसतोडीच्या आणि इतर घरांतल्या मुलांची तुलना कर, टी-टेस्ट लाव. प्रबंध होतो. मूल कसं बदलतं हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

प्रश्नावली भरून आणणंही सोपं नसतं. हातात कागद घेतलेली मुलगी वस्तीवर दिसली की पहिला प्रश्न येतो, ‘ताई, कोणत्या योजनेचा फॉर्म हाय?’ संमतिपत्रावर सही मागितली की माणसं मागे सरतात. सही केली की काहीतरी जातं, हा त्यांचा अनुभव आहे. सुनेला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सासू देते. ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशा पाच खणांतून एक निवडा म्हटलं, तर आजी म्हणणार, ‘आसं कसं सांगावं बाई? कधी आसतं, कधी नसतं.’ सांख्यिकीच्या दृष्टीनं हे निरुपयोगी, पण माणूस म्हणून तंतोतंत खरं. मुरलेल्या संशोधक अशा वेळी कागद बाजूला ठेवतात, पाच चिंचोके देतात आणि विचारतात, ‘या कामात आईचे किती, तुमचे किती, मोठ्या बहिणीचे किती?’ चिंचोके वाटताना जे बोलणं निघतं ते टिपून ठेवतात. त्यातूनच कळतं, की आजी सांभाळते असं सगळे म्हणत असले तरी धाकट्याला रात्री कुशीत घेणारी नऊ वर्षांची ताई आहे. प्रश्नावलीत त्या ताईसाठी रकानाच नव्हता.

त्या नऊ वर्षांच्या मुलीशी बोलायचं तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात. पालकांची संमती हवीच, शिवाय सात ते बारा वयाच्या मुलाला समजेल असं सांगून त्याचा तोंडी होकार घ्यायचा, बारा ते अठरा असेल तर लेखी. आता पालक सातारच्या फडात असतील तर संमती कोणाची? आणि ते मूल बोलता बोलता रडायला लागलं, मारहाणीचं काही सांगू लागलं, तर संशोधकानं वही मिटायची की कोणाला कळवायचं? पोक्सो कायद्यात लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर कळवणं बंधनकारक आहे. या विषयातली विद्यार्थिनी म्हणूनच नुसती माहिती गोळा करून परत येऊ शकत नाही. ‘पीएचडी करून काय करणार’ याचं उत्तर इथे आहे : सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना शाळकरी मुलांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेली असते, त्या मुलांना वसतिगृहात नेलं तर घरच्या धाकट्याला कोण बघणार, हे कोणीतरी महिनोन्‌महिने वस्तीत बसल्याशिवाय कळत नाही.

ज्यांनी वाट बघितली

लांब पल्ल्याचं काम आपल्याकडे झालेलंच नाही असं नाही. १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी पाठपुरावा सुरू केला. तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या वर्षी आणि पुढे अठराव्या वर्षीही ती मुलं तपासली. बाळ वाचलं यावर न थांबता ते शाळेत कसं शिकतं, कुठे अडतं, हे त्यांनी बघितलं. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी सुरू केलेल्या माता-पोषण अभ्यासात आईच्या पोटात असल्यापासून ज्यांची नोंद आहे, ती बाळं आज तिशीत आहेत. आंध्र आणि तेलंगणात ‘यंग लाइव्ह्ज’ प्रकल्प २००२ पासून ३००० मुलांच्या मागावर आहे.

पदव्यांच्या बाहेरही एक परंपरा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालवाडी सुरू केली, १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. खडे, पानं, बिया ही त्यांची शैक्षणिक साधनं. अनुताई १९९२ मध्ये गेल्या, तोवर बोर्डी-कोसबाडचं काम त्यांनी सोडलं नाही. २ ऑक्टोबर १९७५ ला देशभरातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत.

या सगळ्या कामांत एक गोष्ट समान आहे : तीन वर्षांत संपेल असं त्यातलं काहीच नव्हतं. केईएमचा अभ्यास रुग्णालयाच्या आधारानं टिकला, कोसबाडचं काम दोन बायकांच्या हट्टानं. पीएचडीच्या विद्यार्थिनीला यातलं काहीच हाताशी नसतं. अमेरिकेत याच विषयाला गेलेल्या मराठी मुलींची स्थिती थोडी वेगळी. तिथेही आठवड्याला वीस तासांची असिस्टंटशिप, कॉम्प्रिहेन्सिव्ह परीक्षेची धास्ती आणि पाच-सहा वर्षं आहेतच. पण १९९८ ते २००० मध्ये जन्मलेल्या जवळपास ४९०० मुलांची दोन दशकांची माहिती तिथे संशोधकांसाठी तयार असते. मूल तिच्या आधीच कोणीतरी बघून ठेवलेलं असतं. तिनं फक्त नवा प्रश्न विचारायचा.

विभागानं बघावं, विद्यार्थिनीनं पुढे न्यावं

पदवी मिळाल्यावर काय, याचं उत्तर फार उजळ नाही. कायम प्राध्यापकाच्या जागा कमी, तासिका तत्त्वावरच्या जास्त. काही जणी स्पर्धा परीक्षा देऊन बालविकास प्रकल्प अधिकारी होतात, काही स्वयंसेवी संस्थांत जातात, काही रुग्णालयांतल्या बालविकास केंद्रांत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला, त्यातून जिल्ह्याजिल्ह्यात शीघ्र हस्तक्षेप केंद्रं निघाली. नव्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वयाला पायाभूत टप्पा मानलं. म्हणजे या विषयाच्या जाणकारांची गरज वाढतेय, आणि त्यांना घडवणारे विभाग मात्र आकसतायत.

मुदत वाढवून हे सुटणार नाही. सहाची नऊ वर्षं केली तर मुलींचं वय, लग्न, नोकरी सगळंच लांबेल. उपाय वेगळा आहे आणि तो फार खर्चिकही नाही. आज प्रत्येक प्रबंध शून्यातून सुरू होतो : नवी विद्यार्थिनी, नवं गाव, नवं सँपल. व्हायवा झाला की त्या गावाशी विभागाचा संबंध संपतो. त्याऐवजी परभणीनं, एसएनडीटीनं, नागपूर-अमरावतीकडच्या विद्यापीठांनी आपापल्या भागातली दोन-चार गावं, एखादी वस्ती, दहा-बारा अंगणवाड्या कायमच्या धराव्यात. पहिलीनं बाळांच्या नोंदी कराव्यात, दुसरीनं ती शाळेत गेली की बघावं, तिसरीनं ती आई-बाप झाली की. प्रबंध तिघींचे वेगळे, मुलं तीच. गावालाही दर खेपेला नव्या बाईला ‘फॉर्म कसला’ म्हणून विचारावं लागणार नाही. चेहरा बदलेल, विभाग ओळखीचा राहील. आणि मुलांच्या नोंदी कपाटात पडून न राहता अंगणवाडी सेविकेपर्यंत पोचवणं हा प्रबंधाचाच भाग मानावा.

तीन वर्षांत मूल पाळण्यातून उठून प्रश्न विचारू लागतं. एका विद्यार्थिनीच्या वाट्याला तेवढंच येतं, आणि तेवढं नीट बघितलं तरी पीएचडी सार्थकी लागते. त्यापुढचं बघायची जबाबदारी तिच्या एकटीची नाही, विद्यापीठाची आहे. विद्यापीठाला मुदत नसते.